कर्णनाद आणि रुग्णसेवक : स्त्री-पुरुष भेदाचा एक अभ्यास

प्रास्ताविक

संस्थेच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि विभागवार कार्याचा आढावा यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची शास्त्रीय माहिती वाचकांपुढे ठेवण्याचा प्रघात आम्ही पाळत आलो आहोत. आजवरचे लेख रुग्णांच्या आजारांविषयी होते. यंदा मात्र रुग्णांची सेवा करणाऱ्यांच्याच एका दुखण्याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. हे दुखणे डोळ्यांना दिसत नाही आणि दुसऱ्या कोणाला ऐकूही येत नाही. बहुधा याच कारणामुळे ते वर्षानुवर्षे सोसले जाते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते दोन सहकाऱ्यांमुळे. आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेने रात्रपाळीतून मुक्तता मिळावी असा अर्ज केला. कारणाच्या जागी ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिले होते. आस्थेने विचारपूस केल्यावर समजले, की गेली तीन वर्षे त्यांच्या डाव्या कानात रातकिड्यांसारखी अखंड किरकिर चालू होती. रात्री वॉर्ड शांत झाला की ती अधिकच जाणवे. “मॅडम, किरकिर मी सोसेन. पण एखाद्या पेशंटचा अलार्म वाजला आणि तो मला कानातलाच आवाज वाटला तर?” त्यांच्या या प्रश्नाने आम्ही अंतर्मुख झालो. पुढे काही दिवसांतच जनरेटर विभागात दीर्घकाळ काम केलेले, ज्यांना सारे ‘मामा’ म्हणतात असे एक सहकारी सहज बोलता बोलता म्हणाले, “आमच्या कानात तर कायमच शिटी वाजते. इंजिनाजवळचं काम म्हटलं की ते चालायचंच.”

एकीने दुखणे लपविले आणि दुसऱ्याने ते दुखणे मानलेच नाही. दोघेही उपचारांपासून दूर राहिले, तेही रुग्णालयाच्याच छताखाली. कर्णनादाच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष यांच्यात खरोखर काही फरक असतो काय, आणि असल्यास तो शरीराचा की कामाचा, हा प्रश्न तेथूनच आमच्यापुढे उभा राहिला.

कर्णनाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणे म्हणजे कर्णनाद होय. इंग्रजीत त्याला ‘टिनिटस’ म्हणतात. कोणाला शिटी, कोणाला गुणगुण, कोणाला कुकरची वाफ सुटल्यासारखा फसफसाट, तर कोणाला नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येते. आपल्या वैद्यकपरंपरेलाही ही व्यथा अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या २८ कर्णरोगांत कर्णनादाचा समावेश आहे.

कर्णनाद हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. आंतरकर्णातील शंखाकृती भागात सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जासंदेशात रूपांतर करणे हे त्यांचे कार्य. मोठा आवाज, वार्धक्य किंवा काही औषधे यांमुळे या पेशी नष्ट झाल्या की मेंदूकडे जाणारे संदेश क्षीण होतात. ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवितो, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. रेडिओवर केंद्र नीट लागत नसताना आवाज वाढविला तर खरखर वाढते, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

शांततेचा या लक्षणाशी असलेला संबंध १९५३ साली हेलर आणि बर्गमन या संशोधकांच्या एका प्रयोगाने दाखवून दिला. ऐकण्याची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० व्यक्तींना त्यांनी ध्वनिरोधक खोलीत बसविले. त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींना काही ना काही आवाज ऐकू आले. म्हणजे असा सूक्ष्म नाद बहुतेकांच्या श्रवणव्यवस्थेत असतोच. तो कोणाला जाणवतो, आणि जाणवल्यावर कोणाला छळतो, हा खरा प्रश्न आहे.

व्याप्ती : समान संख्या, असमान त्रास

जगभरातील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे ७४ कोटींहून अधिक लोकांना कर्णनादाचा अनुभव येतो. त्यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांच्या बाबतीत तो तीव्र स्वरूपाचा असतो. वयाबरोबर प्रमाण वाढत जाते. १८ ते ४४ या वयोगटात ते सुमारे १० टक्के, ४५ ते ६४ या वयोगटात १४ टक्के, तर त्यापुढे सुमारे २४ टक्के आढळले. आपल्या विषयाच्या दृष्टीने या आढाव्यातील महत्त्वाचा निष्कर्ष असा, की स्त्रिया आणि पुरुष यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

याआधीच्या कित्येक पाहण्यांत पुरुषांचे प्रमाण अधिक आढळत असे. कारखाने, सैन्य, खाणी, बांधकामे अशा गोंगाटाच्या ठिकाणी पुरुष अधिक संख्येने काम करीत आले, हे त्याचे एक मोठे कारण होय. मात्र ‘आवाज येतो का?’ याऐवजी ‘त्या आवाजाचा किती त्रास होतो?’ असे विचारले, की चित्र पालटते. सर्व अभ्यासांत नसले तरी अनेक अभ्यासांत स्त्रियांनी अधिक त्रास, अधिक निद्रानाश आणि अधिक चिंता नोंदविलेली आहे. कोरोनाच्या साथीत २०२० साली ४८ देशांतील ३,१०३ कर्णनादग्रस्तांची पाहणी झाली. तिच्यातही स्त्रियांना आणि पन्नाशीच्या आतील व्यक्तींना त्या काळात कर्णनाद अधिक त्रासदायक झाल्याचे दिसून आले.

रुग्णालयातील ध्वनी

रुग्णालय म्हणजे शांतता, अशी आपली समजूत असते. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वॉर्डातील रात्रीच्या सरासरी आवाजासाठी ३० डेसिबलची शिफारस केली. प्रत्यक्ष स्थिती निराळी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या निमित्ताने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगभरातील मोजमापे एकत्र केली गेली. १९६० पासून रुग्णालयांतील दिवसाचा सरासरी आवाज ५७ वरून ७२ डेसिबलपर्यंत, तर रात्रीचा ४२ वरून ६० डेसिबलपर्यंत वाढल्याचे त्यात आढळले.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कानाला कायमची इजा होण्याचा धोका सामान्यतः ८५ डेसिबलच्या पुढे, दिवसाचे आठ तास राहिल्याने वाढतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित कालावधी निम्म्यावर येतो. ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला केवळ एक. अस्थिशल्यक्रियेतील करवत व ड्रिल, प्लास्टर कापण्याचे यंत्र, एमआरआय यंत्र, जनरेटर आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ही रुग्णालयातील खऱ्या अर्थाने मोठ्या आवाजाची ठिकाणे होत. वॉर्डातील ६०-७० डेसिबलचा गलबला मात्र केशपेशी मारीत नाही. तो लक्ष विचलित करतो, थकवितो, झोप बिघडवितो. म्हणून वॉर्डातील परिचारिकेच्या कर्णनादाचे कारण केवळ आवाजात शोधून भागत नाही.

परिचारिकांनीच घडविलेले संशोधन

या संदर्भात अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासाचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. १९८९ साली सुरू झालेल्या दुसऱ्या ‘नर्सेस हेल्थ स्टडी’त २५ ते ४२ वयोगटातील १,१६,४३० परिचारिकांनी स्वतःच्या प्रकृतीची नियमित माहिती देण्याचे मान्य केले. रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या हातांनी स्वतःची नोंद ठेवली आणि त्यातून स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे मोलाचे ज्ञान जगाला मिळाले.

यांपैकी ६५,०८५ स्त्रियांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. १८ वर्षांच्या काळात त्यांच्यात ५,२८९ जणींना नव्याने कर्णनाद जडला. कॉफीतील कॅफिनने कर्णनाद वाढतो अशी सार्वत्रिक समजूत होती. परंतु अधिक कॅफिन घेणाऱ्या स्त्रियांत कर्णनादाचे प्रमाण उलट कमी आढळले. यावरून कॉफी हे औषध ठरत नाही. मात्र कर्णनादाच्या प्रत्येक रुग्णाचा चहा तोडण्याची घाईही करू नये, एवढा बोध घेता येतो.

दुसरा निष्कर्ष अधिक विचारात पाडणारा आहे. त्याच परिचारिकांवर आधारलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणाऱ्या स्त्रियांत कर्णनादाची जोखीम सुमारे एक-पंचमांशाने अधिक दिसली. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारख्या, चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्यांचाही त्यात समावेश होता. रुग्णाला उचलून उचलून धरलेली कंबर, पाळीच्या दिवसांतील वेदना, सततची डोकेदुखी आणि हाताशी असलेले औषधांचे कपाट, हे समीकरण कोणत्याही रुग्णालयास अनोळखी नाही.

पुरुषांविषयीचा तुल्य अभ्यास १९८६ पासून चालू झाला. त्यात ५१,५२९ पुरुष आरोग्यव्यावसायिक होते. परंतु ते प्रामुख्याने दंतवैद्य, औषधनिर्माते, पशुवैद्य, दृष्टितपासनीस असे होते. २०१० साली त्यातूनही वेदनाशामकांचा नियमित वापर आणि श्रवणऱ्हास यांचा संबंध पुढे आला. या दोन्ही अभ्यासांची तुलना करू पाहणाऱ्याच्या लक्षात एक गोष्ट लगेच येते. एकीकडे परिचारिका आणि दुसरीकडे दंतवैद्य असतील, तर दिसणारा फरक स्त्री-पुरुषांचा की व्यवसायांचा, हे कसे ठरविणार?

फरकाची तीन कारणे

हाच प्रश्न आपल्या रुग्णालयांनाही लागू पडतो. आमच्या विचाराने दिसणाऱ्या फरकाची कारणे तीन पातळ्यांवर शोधावी लागतात.

१) शरीर : आंतरकर्णात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकास प्रतिसाद देणारी केंद्रे आहेत. मध्यकर्णातील रिकिबीचे हाड जखडणारा ‘ओटोस्क्लेरोसिस’ हा विकार स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. अर्धशिशी, जबड्याच्या सांध्याचे विकार आणि थायरॉइडच्या तक्रारी याही स्त्रियांत अधिक आहेत आणि या साऱ्यांची कर्णनादाशी सांगड असू शकते. रक्तक्षयामुळे नाडीच्या लयीतील धडधड कानात ऐकू येऊ शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना, तर २५ टक्के पुरुषांना रक्तक्षय होता. पुरुषांत मात्र मोठ्या आवाजामुळे होणारा, विशेषतः उच्च स्वरांचा, श्रवणऱ्हास अधिक आढळतो.

२) काम : रुग्णालयातील कामाची वाटणी आजही बरीचशी लिंगाधारित आहे. परिचारिका आणि मावशी यांत स्त्रिया बहुसंख्य. जनरेटर, बॉयलर, रुग्णवाहिका आणि अस्थिशल्यक्रिया येथे पुरुष बहुसंख्य. एकाच्या वाट्याला मोठा आवाज येतो, तर दुसरीच्या वाट्याला अखंड सावधपणा. गजराकडे सतत कान लावून बसणारा मेंदू घरी गेल्यावरही पहारा सोडत नाही. अशा मनाला कानातील नाद अधिक ठळकपणे जाणवणे स्वाभाविक आहे.

३) घर : २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातील बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ती करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. रात्रपाळी संपवून सकाळी घरी पोहोचलेल्या परिचारिकेची दुसरी पाळी स्वयंपाकघरात सुरू होते. अपुरी झोप कर्णनादाचा त्रास वाढविते आणि कर्णनाद झोप मोडतो. या दुष्टचक्रात तिचा पाय अधिक लवकर अडकतो. याला स्त्रीचा हळवेपणा म्हणणे शास्त्राला धरून नाही आणि न्यायालाही धरून नाही.

मौनाची किंमत

स्त्रियांनी अधिक त्रास नोंदविला म्हणजे पुरुषांना तो कमी होतो, असेही खात्रीने म्हणता येत नाही. पुष्कळ पुरुष प्रश्नावली भरतानाही त्रास कमी करून सांगतात. दुसरीकडे स्त्रीची तक्रार ‘टेन्शन घेऊ नका’ या शब्दांत परतविली जाते. दोन्ही मार्ग शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात.

हे मौन किती महाग पडू शकते, ते स्वीडनमधील ७१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. तीव्र कर्णनाद असलेल्या स्त्रियांत आत्महत्येच्या प्रयत्नांशी संबंध आढळला. पुरुषांत तसा आढळला नाही. परंतु त्याच अभ्यासात एक दिलासाही आहे. ज्या स्त्रियांच्या कर्णनादाचे तज्ज्ञांकडून रीतसर निदान झाले होते, त्यांच्यात हा संबंध दिसून आला नाही. कोणीतरी ऐकून घेणे, तपासणे आणि दुखण्याला नाव देणे यातच संरक्षण असू शकते, असे आम्ही यातून समजतो.

तपासणी आणि उपचार

कर्णनाद असणाऱ्या प्रत्येकाची कानाची तपासणी आणि श्रवणमापन व्हावे. कधी कानातील मळ काढताच आवाज थांबतो. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड यांची आवश्यकतेनुसार तपासणी करावी. घेत असलेल्या औषधांची यादी अवश्य पाहावी. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन आणि अधिक मात्रेतील ॲस्पिरिन ही कानास अपाय करू शकतात. मात्र चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. त्रासाची तीव्रता मोजण्यासाठी १९९६ पासून वापरात असलेली २५ प्रश्नांची प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात शून्य ते १०० असे गुण असतात.

पुढील लक्षणे आढळल्यास मात्र विलंब करू नये : एकाच कानातील आवाज, नाडीबरोबर होणारी धडधड, अचानक आलेला बहिरेपणा, चक्कर किंवा चेहऱ्याचा अशक्तपणा. अचानक आलेल्या बहिरेपणात तर दिवस मोजूनच उपचार करावे लागतात.

कर्णनाद हमखास नाहीसा करणारी गोळी आज उपलब्ध नाही. जाहिराती तसा दावा करोत, अमेरिकेतील २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जिंको, जस्त व मेलाटोनिन यांची शिफारस करू नये असे सांगितले आहे, तर ब्रिटनच्या २०२० च्या तत्त्वांनी केवळ कर्णनादासाठी बीटाहिस्टीन देऊ नये असे म्हटले आहे. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, श्रवणऱ्हास असल्यास श्रवणयंत्राचा, रात्री पंख्यासारख्या मंद पार्श्वध्वनीचा आणि विचार-वर्तन उपचारपद्धतीचा. या पद्धतीने आवाज थांबत नसला, तरी त्याचा जाच कमी होतो.

प्रारंभी उल्लेखिलेल्या परिचारिकेचा आवाज एकाच कानात असल्याने एमआरआय करून गाठ नसल्याची खात्री करून घेतली. त्यांचे हिमोग्लोबिन कमी होते आणि कंबरदुखीसाठी त्या जवळपास रोज गोळी घेत होत्या. रक्तक्षयावर उपचार, गोळ्यांऐवजी व्यायाम आणि समुपदेशन असा क्रम ठरला. किरकिर पूर्ण थांबलेली नाही. पण आता त्या झोपतात, आणि अर्जातील कारण त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्त करून दिले. मामांच्या श्रवणआलेखात ४,००० हर्ट्झजवळ मोठ्या आवाजाने पडणारा ठळक खड्डा आढळला. त्यांना श्रवणयंत्र दिले आहे. गेलेली श्रवणशक्ती परत येणार नाही. मात्र त्यांच्या जागी रुजू झालेल्या तरुणाच्या कानावर आज संरक्षक आवरण आहे, आणि ते घातल्यावाचून मामा त्याला आत पाऊल टाकू देत नाहीत.

समारोप

या अभ्यासातून आम्ही काही निश्चय केले आहेत. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक आरोग्यतपासणीत श्रवणमापन आणि कर्णनादाविषयीचा प्रश्न समाविष्ट करणे, मोठ्या आवाजाच्या विभागांत कर्णसंरक्षक सक्तीचे करणे, अनावश्यक गजरांचा आढावा घेणे आणि कर्णनादाच्या कारणाने पाळी बदलून मागणाऱ्यांचा अर्ज गोपनीय राखून सहानुभूतीने विचारात घेणे. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा इच्छाशक्तीच अधिक लागते.

रुग्णालयात येणाऱ्या आप्तेष्टांनाही आमची एक नम्र विनंती आहे. वॉर्डात मोबाइलचा आवाज बंद ठेवावा, हळू बोलावे आणि फाटकाबाहेर भोंगा वाजवू नये. आपली ती शांतता रुग्णाला तर हवीच असते. पण त्याच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या सिस्टरांनाही ती तितकीच हवी असते. दुसऱ्यांच्या वेदना ऐकण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे ऐकून घेणे हेही रुग्णसेवेचेच अंग आहे, अशी आमची धारणा आहे.